झाकणाचे दोन फेरे

लष्करात राहतो म्हटलं की पुण्याकडचे पाहुणे विचारतात,
"अजून नोकरीत?"
मग सांगावं लागतं, ग्वाल्हेरात लष्कर म्हणजे वस्ती.
कधीकाळी छावणी पडली ती उठलीच नाही,
तंबूंच्या जागी गजकवाले बसले.
पलीकडे कंपू. तिथे कवायती पलटणी होत्या,
आता इस्पितळ आहे.
आणि मराठीत कंपू म्हणजे
चार जण, एक कोपरा,
पाचवा आला की सगळे गप्प.

मी त्र्यंबक सबनीस, सुभेदार, निवृत्त.
सतरा वर्षं सरहद्दीवर दुभाषा.

त्या खोपीत टेबलापलीकडे दोन खुर्च्या असत,
सारख्या उंचीच्या. हे मुद्दाम नोंदवतो.
एकीवर थ्वानचांग, तुकडीचा नायक.
दुसरीवर चंगवेइ, पक्षाचा माणूस.
खांद्यावरचे तारे दोघांचे सारखे.
कागदाखाली सह्या दोन.
एका सहीचा कागद शेकोटीला बरा.

त्या जानेवारीत आमचा हमाल लोब्झांग
धुक्यात रेषा ओलांडून गेला होता.
साहेबांनी विचारलं, मी चिनीत विचारलं,
कधी सोडता?

थ्वानचांग तरुण होता, थंडीनं ओठ फाटलेले.
म्हणाला, "आज..."

चंगवेइनं थर्मासचं झाकण फिरवलं.
दोन फेरे. मान वर केलीसुद्धा नाही.
आणि वाक्य वळलं,
ओळखीच्या नाक्यावर टांग्याचं घोडं वळावं तसं,
चाबूक न उडता.
"...आज झालेली चर्चा आम्ही वर कळवू."

दुभाष्यानं पूर्ण वाक्य सांगायचं असतं.
मी सांगितलं.
"आज"च्या पुढची पोकळी,
एक श्वास, फार तर दीड,
तिला आमच्या अहवालात रकाना नव्हता.

लोब्झांग पाचव्या दिवशी आला,
डाव्या पायाची तीन बोटं तिकडे ठेवून.

चंगवेइ दुष्ट नव्हता हो.
त्याच्या बोटांना चिरा होत्या.
कोणत्या पोराची आई आजारी, कुणाचं लग्न मोडलं,
सगळं त्याला पाठ. बैठक संपल्यावर
पहाऱ्यावरच्या पोराचा गळपट्टा
त्यानं स्वतःच्या हातानं नीट केला.
थ्वानचांग तेव्हा दूर, डोंगराकडे तोंड करून
संत्रं सोलत होता. सालं खिशात घालत होता.

परतताना जीपमध्ये मी मनात हसलो.
काय फौज ही! सरदाराच्या मांडीला मांडी लावून
सरदारावरच पहारा.
पुढच्या वळणावर आडनाव आठवलं.

गडाच्या किल्ल्या हवालदाराकडे,
हजेरीची वही सबनिसाकडे,
दाणागोटा, दारूगोळा कारखानिसाकडे.
तिघं तीन जातींचे,
गावी एका पंगतीला न बसणारे,
म्हणून तर गडावर एकत्र.
फितुरी करायची तर तिघांचा भाव काढावा लागे.

पण आमचा सबनीस नुसती वही लिहायचा,
असं मी स्वतःला बजावलं.
समोरच्याच्या तोंडातला शब्द काही तो वळवत नसे.
की वळवायचा?
लेखणी दौतीत जरा जास्त वेळ धरून?
वही त्याच्याच हातात.
ते कोण लिहून ठेवणार?

मागल्या थंडीत नंबर मिळवून फोन लावला.
लोब्झांगचा नातू ओरडून ओरडून त्याला बोलावत होता.
बाड्यावर वरातीचा बँड चाललेला,
मी एका कानात बोट घालून सांगितलं,
चोवीस वर्षांनी,
की ते तुला त्याच दिवशी सोडणार होते.

तिकडे बराच वेळ नुसता वारा.
मग तो खोकला, का हसला, कळलं नाही.
म्हणाला,
"साहेब, ते म्हणजे कोण?"